पांढरा कॅन, निळा कॅन

लग्न होऊन घरात आल्यावर सासऱ्यांनी, अप्पांनी, तिला सांगितलेलं पहिलं काम पाणी ढवळण्याचं होतं. "धाकटे, हात धू. साबण लावू नकोस, नुसत्या पाण्याने धू. आणि इकडे ये," म्हणून त्यांनी तिच्या हातात प्लास्टिकचा जाड दांडा दिला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पिंपाशी तिला उभं केलं.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो, पोरगी कालच आलीय. तिला आधी घर तरी दाखवा."

"हेच घर," अप्पा म्हणाले. "बाकी सगळ्या भिंती."

पिंपात गाळून घेतलेलं साधं पाणी होतं. अप्पा डब्यातून समुद्री मीठ मोजून थोडं थोडं टाकत होते आणि ती ढवळत होती. मिठावर पाणी ओतलं तर काम लवकर होईल, असं ती सहज बोलून गेली. अप्पा थांबले. "मीठ पाण्यात टाकायचं. पाणी मिठावर ओतायचं नाही. तसं केलं तर विरघळायचं सोडून ते आपसात भांडतं. तळाला पांढरा गाळ बसतो आणि उपयोगाचं निम्मं त्यातच जातं. माणसांचंही तसंच असतं. नवीन माणूस थोडं थोडं घरात घ्यावं लागतं." शेवटची दोन वाक्यं आपल्यासाठी होती, हे तिला बरंच उशिरा कळलं.

धाकटी म्हणजे धाकटी सून. घरात तिला सगळे हीच हाक मारत आणि शेजाऱ्यांनाही तीच पाठ झाली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासायच्या, फ्रेमीत बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून "आता नीट दिसतंय का?" असं विचारायचं. नवरा छापखान्यात होता. दोघं वरच्या मजल्यावर राहत, अप्पा आणि सासूबाई खालच्या दोन खोल्यांत. थोरला मुलगा दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर.

अप्पा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, वजनं, मापं तपासायची, खोटी सापडली तर जप्त करायची, खरी असली तर शिक्का मारायचा, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. बाजारात त्यांना 'मापवाले' म्हणत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की आतल्या दुकानांपर्यंत खोकल्याचे इशारे पोचत. त्यांच्याकडे त्या काळातल्या गोष्टींचा साठा होता आणि त्यातली एक ते पुन्हा पुन्हा सांगत. एका दुकानदाराला त्यांनी पारड्यावर बोट ठेवताना पकडलं. पण बोट उलट्या बाजूला होतं. समोर एक गरीब बाई होती आणि तिला जास्त माल जावा म्हणून तो वजनाचं पारडं दाबत होता. अप्पांनी त्यालाही दंड केला.

"त्या बिचाऱ्याला कशाला?" धाकटीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"दया करायची तर वरून मूठभर टाकायची होती. पारड्यावर बोट कशाला? खोटं माप ते खोटंच. आज दयेने खोटं झालं, की उद्या ते कशाने खोटं आहे हे कोणाला कळणार?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी आणली. पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत तिने व्यापली. सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर लोकांची मापं काढलीत, आता माशांची काढा." आणि खरोखर तेच झालं. गोड्या पाण्यातले मासे गरिबाच्या पोरांसारखे कसेही वाढतात, पण समुद्रातल्या जिवाला मापात राहणारं पाणी लागतं. मीठ, उष्णता, आम्लता, सगळं ठरलेल्या रेघेत. अप्पांना असंच काहीतरी हवं होतं. टाकीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी होती. त्यांच्यात मादी मोठी आणि नर लहान असतो, म्हणून अप्पांनी तिचं नाव 'बाईसाहेब' ठेवलं आणि त्याचं 'कारकून'. दोघं एका समुद्रफुलाच्या, फुलासारख्या पसरणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, आसऱ्याने राहत. शिवाय काचेवरचं शेवाळ खाणारे काही शंख.

मीठ मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं होतं. एका टोकाच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि दुसरं टोक डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. दोन्ही जिथे मिळतात तो आकडा म्हणजे मिठाचं प्रमाण. तो पस्तीस असला पाहिजे. घरात त्याला दुर्बीण म्हणत. आतल्या रेघेला अप्पा मात्र काटाच म्हणत. तराजूची सवय.

धाकटीला त्यांनी सगळं शिकवलं. दुर्बीण आधी साध्या पाण्यावर शून्याला आणून घ्यायची, मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा. मीठ टाकलेलं पाणी लगेच वापरायचं नाही, पंप लावून ते घोळू द्यायचं, मुरू द्यायचं. दुर्बीण लावूनही अप्पा शेवटी चमच्याने त्यातला थेंब जिभेच्या टोकावर घेऊन बघत. पिंपात काचेच्या नळीचा हीटर असतो. तो आधी पाण्यात बुडवायचा, मग बटण. काढताना आधी बटण, मग हात. "आधी बटण, मग हात," हे ते इतक्या वेळा म्हणत की सासूबाई कुकरचं झाकण उघडतानाही तेच पुटपुटत.

पण सगळ्यांत मोठा धडा कॅनचा होता. टाकीशेजारी दोन कॅन असत, पांढरा आणि निळा. पांढऱ्यात पिंपात तयार केलेलं खारं पाणी. आठवड्याला टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून हे नवं घालायचं. निळ्यात साधं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पातळी बोटभर खाली येते, ती भरून काढायला हे.

"खाऱ्या टाकीत साधं पाणी?" तिने विचारलं होतं.

"उडतं ते पाणी. उरतं ते मीठ," अप्पा म्हणाले. "जे गेलं तेच भरायचं. नवशिके पोरटे समुद्र समुद्र करत रोज खारं ओततात आणि मग रडत येतात, मासे का मेले म्हणून. ही चूक करणाऱ्याने टाकी विकून कबुतरं पाळावीत."

त्या घरात तिला बाकी कोणी काही शिकवलं नव्हतं. स्वयंपाक ती माहेरून शिकून आली होती आणि चुका दाखवायला सासूबाई समर्थ होत्या. कारण सांगून, हातात वस्तू देऊन, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, असं शिकवणारे अप्पा एकटेच.

सासूबाई गेल्या तेव्हा थोरल्याने अप्पांना आपल्याकडे नेण्याची गोष्ट काढली. अप्पांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुझ्या नवव्या मजल्यावर ही टाकी चढेल?"

"टाकी नाही चढणार, अप्पा. तुम्ही चढाल. लिफ्ट आहे."

"मग राहू दे."

"एकटे खाली राहणार? उद्या गॅस चालू राहिला, औषध चुकलं, तर?"

अप्पांनी दुर्बीण त्याच्या हातात ठेवली. "हे बघ. ज्या दिवशी माझ्या टाकीचा काटा चुकेल, त्या दिवशी मला उचलून ने. चकार शब्द काढणार नाही. तोवर तू येत जा, बघत जा आणि जात जा."

थोरला हसला, पण त्याने ते मान्य केलं. मान्य न करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याला एवढी कटकट रोजच्या रोज जमते, त्याला गॅसचं बटणही जमणारच. तेव्हापासून तो आला की चप्पल काढायच्या आधी दुर्बीण मागायचा. सगळे हसायचे. अप्पा सर्वांत मोठ्याने.

काही वर्षं अशीच गेली.

पहिल्यांदा शंख पडले. काचेला चिकटून असणारे शंख वाळूत उताणे पडलेले धाकटीने पाहिले. मग समुद्रफूल आखडलं, पिळलेल्या फडक्यासारखं झालं. बाईसाहेब कोपऱ्यात उभ्या राहून धापा टाकत होत्या. धाकटीने दुर्बीण काढली, थेंब टाकले, खिडकीकडे धरली. रेघ पस्तिसाच्या बरीच वर होती. दुर्बीणच बिघडली असेल म्हणून तिने साध्या पाण्याचे थेंब टाकून पाहिले. रेघ बरोबर शून्यावर आली. दुर्बीण खरी होती. खोटं पाणी होतं.

"अप्पा, तुम्ही काटा बघितला?"

"पस्तीस," अप्पा खुर्चीतूनच म्हणाले.

"बघा ना एकदा."

त्यांनी दुर्बीण घेतली. "पस्तीस," ते म्हणाले, आणि मग ती डोळ्याला लावली. क्रम उलटा झाला होता, पण तो तिला त्या वेळी खटकला नाही. जिन्यावरून वर जाताना खटकला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती दाराशी भाजी निवडत बसली. अप्पा उठले, टाकीसमोर उभे राहिले, पातळी कुठवर उतरली ते बोट लावून पाहिलं. मग वाकले आणि पांढरा कॅन उचलला. झाकण काढून, एक थेंबही न सांडता, सावकाश खारं पाणी ओतू लागले. हात अजिबात कापत नव्हता. तोंडाने त्यांचं चालू होतं, "उडतं ते पाणी, उरतं ते मीठ."

"अप्पा, तो पांढरा."

"हो मग?"

"रोजचं पाणी निळ्यातलं घालायचं ना?"

ते वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तू मला शिकवणार? मी लोकांचे तराजू फोडलेत, पोरी. काल आलीस आणि आज मला कॅन दाखवतेस?" कॅन जमिनीवर आपटून ते आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा आवाज साधा होता. "धाकटे, थोरला रविवारी येतोय."

"हो."

"काटा बघेल."

एवढंच म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळलं होतं, किती कळलं होतं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. दुकानात माणसं नजर तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतात आणि दिसत नसताना धडाधड म्हणतात. त्या माणसांच्या डोळ्यांत असतं तेच अप्पांच्या डोळ्यांत आहे, असं तिला वाटलं.

ती आठवडाभर सकाळी दुकानात जायच्या आधी खाली येऊ लागली. टाकीतलं थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच साधं घालायचं. एकदम करता येत नाही, शंख सहन करत नाहीत. रविवारी थोरल्याने दुर्बीण उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "पस्तीस. अप्पा, तुमच्यापुढे आम्ही म्हातारे होणार."

अप्पा हसले. धाकटी चहा गाळत होती. आपण पारड्यावर बोट ठेवलं आहे, हे तिला माहीत होतं.

रोज पाणी काढण्या-घालण्यापेक्षा सोपा उपाय तिला लवकरच सुचला. अप्पांनी शिकवलेल्या माणसालाच तो सुचू शकत होता. तिने पांढऱ्या कॅनमधलं खारं पाणी ओतून दिलं आणि त्यातही साधं भरलं. आता अप्पा कोणताही कॅन उचलोत, टाकीत साधंच जाणार. खारं पाणी ती सकाळी अप्पा उठायच्या आत पिंपात तयार करायची, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या एका कॅनमध्ये भरून वर न्यायची आणि न्हाणीघरात स्टुलाखाली ठेवायची. आठवड्याचं पाणी बदलणं तिने "तुमची पाठ दुखते" म्हणून आपल्याकडे घेतलं. अप्पांनी नाही म्हटलं नाही. पिंप, मिठाचा डबा, हीटर हे सगळं मात्र जागच्या जागी ठेवलं. ते हलवलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

एकदा नवऱ्याने तिला जिन्यात कॅन नेताना पाहिलं.

"काय चाललंय?"

"पाणी."

"बरं," म्हणून तो बाजूला झाला. न विचारणं हा त्याचा स्वभाव आहे असं ती समजत आली होती. खरं तर न विचारण्यात त्याची सोय होती.

पाणी इतकं चांगलं त्या टाकीत कधीच नव्हतं. समुद्रफूल पसरलं. बाईसाहेब आणि कारकून यांनी दगडावर अंडी घातली. टाकीचा आकडा केसभर हलत नव्हता, आणि धाकटीला त्याचा अभिमान वाटायला लागला होता, हेही सांगितलं पाहिजे. टाकीजवळ उभं राहिलं की तिला वाटायचं, हे मी धरून ठेवलंय.

टाकीच्या बाहेर गोष्टी घसरत होत्या. अप्पा सदऱ्यावर सदरा घालून बसलेले दिसत. सासूबाई अजून बाजारातून आल्या नाहीत म्हणून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. एकदा तवा लाल होईपर्यंत गॅसवर राहिला. धाकटीने तो घासून ठेवला, पण वास घरभर होता. त्या वेळी नवरा म्हणाला, "म्हातारपण आहे. पण पाणी बघ ना, एक दिवस चुकत नाही." तिचीच लबाडी तिच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली गेली, तेव्हा बोलायची वेळ होती. ती बोलली नाही.

दुसरी वेळ थोरल्याने दिली. परत जाताना त्याने तिला जिन्याशी थांबवलं. तो वाईट माणूस नव्हता. बापाची काळजी फोनवरून करावी लागणाऱ्या माणसाचा थकवा त्याच्या चेहऱ्यावर होता.

"धाकटे, खरं सांग. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, विसरण्याच्या आजाराचे. मी वेळ घेऊन ठेवलीय. अप्पा मघाशी मला तीन वेळा विचारत होते, तू कुठल्या इयत्तेत आहेस. गंमत करत होते की..."

"गंमतच करतात ते, भाऊजी."

"नक्की?"

नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसलेले अप्पा तिला दिसले. समोर टाकी नाही, हातात दुर्बीण नाही, वाट बघायला काही नाही. ती म्हणाली, "काटा बघितलात की तुम्ही."

"हो, तेही खरंच," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. डॉक्टरांची वेळ त्याने रद्द केली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. ती संध्याकाळी दुकानातून आली आणि खालच्या दारातच तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं. टाकीच्या पंपाचा घुर्र आवाज नव्हता. तो इतका रोजचा होता की बंद पडल्यावरच ऐकू आला. दिवेही नव्हते, फ्यूज उडाला असावा. तिने हाक मारली. मग आत गेली.

अप्पा स्वयंपाकघरात पिंपाशी पडले होते. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली. पिंपातलं पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि मिठाचा डबा जवळजवळ रिकामा. हीटरची काच तडकलेली होती, वायर प्लगमध्ये लावलेली आणि बटण चालूच. तिने आधी बटण बंद केलं, मग हात लावला. ते गार झाले होते.

डॉक्टर आले, त्यांनी विजेचा धक्का म्हणून सांगितलं. नवरा छापखान्यातून आला, शेजारी आले. कसं झालं असेल याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं: जुना हीटर, खारं पाणी, ओला हात. धाकटीने मात्र ओट्यावरचा चमचा पाहिला होता. शेजारी पांढरा कॅन, झाकण उघडं, अर्धा रिकामा. अप्पांना पाण्याचा थेंब जिभेच्या टोकावर घ्यायची जुनी सवय होती. ती या सगळ्या हिशेबात हे विसरली होती. तिने कॅनमधल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. साधं. बाकीचं तिला कोणी सांगायला नको होतं. खाऱ्याच्या कॅनमध्ये साधं पाणी, म्हणजे माप खोटं. कदाचित कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं डोकं लख्ख चाललं होतं. निरीक्षकाला लबाडी सापडली होती आणि त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली होती. फक्त क्रम उलटा झाला. हीटर कोरड्या पिंपात चालू केला, तापलेल्या काचेवर पाणी ओतलं, मीठ टाकत राहिले आणि हाताने ढवळलं.

थोरला सकाळी पोचला. सगळं आटोपल्यावर, घरात माणसं बसलेली असताना, तो टाकीसमोर उभा राहिला. त्याने दुर्बीण घेतली, दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"पस्तीस," तो म्हणाला. "बघा. शेवटच्या दिवसापर्यंत काटा हलला नाही. हीटरने दगा दिला. माणूस शेवटपर्यंत शाबूत होता." बसलेल्यांनी माना डोलावल्या. असं मरण भाग्याचं, असं कोणीतरी म्हणालं.

माणसं गेल्यावर तिने सांगितलं. थोरला, नवरा आणि ती, तिघंच होते.

"भाऊजी, ते पाणी माझं होतं."

"हो गं. तुझी मदत होतीच."

"मदत नाही. अप्पांना दोन कॅनमधला फरक कळत नव्हता. पुष्कळ दिवसांपासून. रोज खारं ओतायचे. मी काटा बरोबर करून ठेवत होते. पांढऱ्या कॅनमध्येही मी साधं भरलं होतं. ते त्यांनी चाखलं, म्हणून ते पिंपाकडे गेले."

थोरल्याने दुर्बीण पुसली. डबीत ठेवली. डबी मिटली. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "जिन्यात. तुझ्यासमोर उभा राहून विचारलं होतं."

"हो."

"मग हे आत्ता सांगून काय मिळवलंस?"

नवऱ्याची मान खाली होती. धाकटी बोलायला लागायच्या आधीपासूनच ती खाली होती, हे तिने पाहिलं.

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. तिला कोणी दोष दिला नाही, खोटंही पाडलं नाही. थोरला आजही चार माणसांत वडिलांची गोष्ट सांगतो, आणि ती त्या काट्याचीच असते: शेवटच्या दिवशी पस्तीस. धाकटी जवळ असली तर तो तिच्याकडे न बघता सांगतो. ती उठून जात नाही. दुकानात ती अजून लोकांच्या नाकावर चष्मा ठेवते. पण कोणी फार पटकन "दिसतंय, दिसतंय" म्हणालं की तक्ता उलटा करून पुन्हा वाचायला लावते, आणि मालक म्हणतो, "अहो, गिऱ्हाईक हो म्हणतंय ना, सोडा आता."

टाकी एका शिंप्याने नेली. त्यालाही हा नाद होता. तो आपल्या पोराला आणि हातगाडी घेऊन आला, मासे पिशव्यांत भरले, शंख एकेक मोजून डब्यात ठेवले. पाण्याचा थेंब त्याने स्वतःच्या दुर्बिणीत घालून पाहिला आणि मान हलवली.

"पाणी कोण सांभाळायचं? इतकं बरोबर मी कुठे बघितलं नाही."

"वडील," नवरा म्हणाला.

शिंप्याने टाकी रिकामी केली, पिंप उचललं, आणि शेवटी भिंतीशी उरलेल्या दोन कॅनांकडे वळला. "वहिनी, यातलं खारं कुठलं? पांढऱ्यातलं ना? वाटेत लागेल."

"दोन्हीत साधंच आहे," ती म्हणाली.